फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

विहिरीवरचा पंप असो की घरातली गाण्याची पेटी, जाड तार टाकण्याआधी दोष शोधा

विहिरीला पाणी आहे, वीजही आली आहे. पण स्टार्टरचे बटण दाबले की ‘फट्’ असा आवाज होतो आणि फ्यूज जातो. तार बदलली, बटण दाबले, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला घरातला कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, “आता जाड तारच टाक, बघू कशी जळते ती!” जाड तार टाकली जाते, फ्यूज टिकतो आणि आठवड्याभरात मोटर जळते. रब्बीच्या हंगामात असा प्रकार घडला नाही असे गाव शोधून सापडायचे नाही.

यात नुकसान केवळ मोटरीचे होत नाही. गव्हाचेच उदाहरण घ्या. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि मागाहून कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. मोटर वाइंडिंगला गेली, दुकानात आधीच दहा मोटरींची रांग असली, की हे दिवस हातचे निघून जातात. शिवाय जाड तारेपायी आग लागते, पेटीत वीज उतरते आणि माणसे दगावतात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, फ्यूज का उडतो हे प्रत्येक घरात एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

फ्यूज म्हणजे राखणदार

फ्यूज म्हणजे तारेचा मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की ही तार तापून वितळते आणि वीज तोडते. स्वतः जळून ती मोटर, केबल आणि घर वाचवते. राखणदाराने आरोळी दिली म्हणून त्याचेच तोंड बांधणे जसे वेडेपणाचे, तसेच फ्यूज उडतो म्हणून जाड तार टाकणे. चोर शेतातच राहतो, फक्त आरोळी बंद होते.

कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची फ्यूज तार बाजारात मिळते. तिची जाडी आणि ताकद ठरलेली आहे. ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर आणि ३० अँपिअरसाठी ०.८५ मिलिमीटर जाडीची तार लागते. म्हणजे जाडी जेमतेम चौपट झाली की ताकद सहापट होते. वायरीचे दोन-चार धागे सोलून किटकॅटला गुंडाळले तर ती तार किती अँपिअरला वितळेल हे कोणीच सांगू शकणार नाही. अंदाजाने गुंडाळलेला धागा म्हणजे फ्यूज नव्हे.

तीन फेजवर चालणारी मोटर पूर्ण भारावर दर अश्वशक्तीला साधारण दीड अँपिअर प्रवाह घेते. त्यानुसार ३ अश्वशक्तीची मोटर सुमारे ५, ५ अश्वशक्तीची सुमारे साडेसात आणि साडेसात अश्वशक्तीची सुमारे ११ अँपिअर घेते. पाण्यात बुडणारी मोटर यापेक्षा थोडा जास्त घेते. नेमका आकडा मोटरीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेला असतो. तो वहीत उतरून ठेवावा. सुरू होताना मात्र मोटर काही सेकंद याच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. तेवढा झटका सहन व्हावा म्हणून फ्यूज सर्वसाधारणपणे पूर्ण भाराच्या दुपटीच्या आसपास ठेवतात. ५ अश्वशक्तीला १५ अँपिअरची तार बहुधा पुरते. आपल्या स्टार्टरला कोणता फ्यूज योग्य हे त्यासोबतच्या कागदावर पाहून किंवा परवानाधारक वायरमनला विचारून ठरवावे.

जळालेली तार काय सांगते?

तार बदलण्याआधी मेन स्विच बंद करून किटकॅट हातात घ्या आणि जळालेली तार नीट पाहा. दोष शोधण्याचा पहिला धागा तेथेच मिळतो.

तार मधोमध वितळून तुटली असेल, दोन्ही टोके शाबूत असतील आणि चिनीमाती स्वच्छ असेल, तर प्रवाह थोडा पण बराच वेळ जास्त वाहत होता. म्हणजे दोष बहुधा भाराचा आहे.

तार जवळजवळ नाहीशी झाली असेल, चिनीमाती काळी पडली असेल आणि तिच्यावर तांब्याचे बारीक मणी चिकटले असतील, तर एकदम प्रचंड प्रवाह वाहिला. म्हणजे दोन फेज एकमेकांना भिडले किंवा फेज जमिनीला मिळाला. हे शॉर्ट सर्किट होय.

तार स्क्रूपाशीच जळाली असेल आणि तेथले पितळ निळसर-काळे पडले असेल, तर तेथली पकड सैल आहे. सैल जागा तापते आणि धड तारही जाळते. असे किटकॅट घासूनपुसून वापरण्यापेक्षा बदललेलेच बरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तीनपैकी एक फ्यूज गेला तरी उरलेल्या दोघांनीही तोच ताप सोसलेला असतो. म्हणून तिन्ही तारा एकाच मापाच्या, एकाच वेळी बदलाव्यात.

केव्हा उडतो ते पाहा

(१) बटण दाबताक्षणी उडतो : केबल, मोटरीचे वाइंडिंग, स्टार्टर किंवा कपॅसिटर यांपैकी कोठेतरी शॉर्ट आहे. पावसाळाभर बंद राहिलेली मोटर दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा चालू करताना असे हमखास होते. वाइंडिंगने ओल धरलेली असते. स्टार्टरच्या पेटीत पाल अडकलेली, मुंग्यांनी माती आणलेली किंवा उंदराने केबल कुरतडलेलीही पुष्कळदा आढळते.

(२) मोटर गुणगुणते, फिरत नाही आणि काही सेकंदांत उडतो : एक फेज आलेला नाही, व्होल्टेज फार कमी आहे किंवा पंप अडकला आहे.

(३) पंधरा मिनिटे ते अर्धा तास चालून उडतो : मोटरीवर भार जास्त आहे किंवा कोठेतरी सैल जोड तापतो आहे. अशा वेळी खरे तर आधी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडायला हवा. तो न पडता फ्यूज उडत असेल, तर रिले चुकीच्या आकड्यावर लावलेला आहे किंवा दोऱ्याने बांधून ठेवलेला आहे, नाहीतर फ्यूजची तार हलकी आहे.

(४) अवेळी, कधीही उडतो : वारा सुटल्यावर सैल तारा एकमेकींना लागतात, पाऊस आल्यावर जोडात पाणी शिरते किंवा मोटरीच्या हादऱ्याने केबल कडेला घासते. अशा वेळी हवा कशी होती हे आठवून पाहावे.

दोष शोधण्याची रीत

पाटाचे पाणी कोठे मुरते हे शोधायचे असेल तर आपण एकेक चारी बंद करत जातो. येथेही तसेच करायचे आहे. डोळ्यांनी पाहण्याचे काम घरच्यांनी करावे. जोड सोडवण्याचे आणि वीज देऊन तपासण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद केल्यावरही तिन्ही फेजवर टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नये. स्विचचे एखादे पाते चिकटून राहिल्याने एक फेज चालूच राहतो, असे घडते.

प्रथम स्टार्टरमधून मोटरीकडे जाणाऱ्या तारा सोडवून अलग ठेवाव्यात आणि मग वीज देऊन पाहावे. फ्यूज तरीही उडाला तर दोष मेन स्विचमध्ये, स्टार्टरमध्ये किंवा कपॅसिटरमध्ये आहे. टिकला तर दोष पुढे, केबल-मोटर-पंपाकडे आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम हलके होते.

कपॅसिटर विसरू नये. ५ अश्वशक्तीच्या मोटरीला साधारणपणे २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावतात. तो फुगला असेल किंवा त्यातून तेल झिरपले असेल, तर आतून शॉर्ट झालेला असण्याचा फार संभव असतो. तो सोडवून फ्यूज टिकतो का ते पाहावे. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते, त्यामुळे त्याच्या टोकांना लगेच हात लावू नये.

त्यानंतर केबल आणि मोटर वेगवेगळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावीत. वाइंडिंग आणि मोटरीचे अंग यांमधला रोध १ मेगओहमपेक्षा कमी भरला तर मोटर चालवू नये. कोरड्या जागी बसवलेली मोटर केवळ ओलीने बिघडली असेल, तर झाकणे काढून उन्हात ठेवावी किंवा आत जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा पेटता ठेवून उबेने वाळवावी, मग पुन्हा मेगर लावावा. कित्येक मोटरी एवढ्यानेच सुधारतात आणि वाइंडिंगचा खर्च वाचतो. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीत मात्र बहुतेक वेळा मोटर धड असते आणि पाण्यातला केबलचा जोड कच्चा असतो. मोटर वर काढली की पहिली नजर त्या जोडावर टाकावी.

दोष पंपाचा, शिक्षा फ्यूजला

वीज बंद ठेवून पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहा. तो सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर ग्लँडची दोरी फार आवळलेली आहे, बेअरिंग कोरडे पडले आहे, पंख्यात वाळू-काडी अडकली आहे किंवा मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत. ग्लँडमधून पाण्याचे थेंब ठिबकत राहणे योग्यच आहे. एक थेंबही पडू नये म्हणून आवळलेला ग्लँड दांडा खातो आणि मोटरीवर भार टाकतो.

एक कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यानंतर विहीर काठोकाठ भरते. पाणी वर आले म्हणजे पंपाला काम कमी पडेल असे आपल्याला वाटते. सेंट्रिफ्यूगल पंपाचे गणित उलटे आहे. उंची कमी झाली की तो ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी फेकू लागतो आणि जास्त पाण्यासाठी मोटरीला जास्त शक्ती लागते. जास्त उंचीसाठी घेतलेला पंप भरल्या विहिरीवर चालवला की मोटर तापते ती यामुळे. उपाय सोपा आहे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा मिटावा आणि अँपिअर पट्टीवरच्या आकड्याच्या आत आणावेत. असा पंप सुरू करतानाही व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून, मोटरीने वेग घेतल्यावर हळूहळू उघडावा.

एक फेज गेला तर

तीनपैकी एकच फ्यूज उडाला आणि मोटर चालू राहिली, तर ती उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. भार तसाच असला तर त्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह वाहतो. मोटरीचा आवाज बदलतो, ती घोगरी होते आणि काही वेळात वाइंडिंगचा जळका वास येतो. हे दोन फ्यूज वेळेवर वितळतीलच याचा भरवसा नाही. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा आणि ओव्हरलोड रिले मोटरीच्या पट्टीवरच्या आकड्यावर लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या तारांवर असेल, तर तो त्या आकड्याच्या सुमारे ५८ टक्क्यांवर लावतात. मोटरीचे खरे रक्षण रिले करतो. फ्यूज हा शॉर्टपासून वाचवतो.

ऑटो स्विचविषयीही बोलले पाहिजे. रात्री वीज आली की आपोआप पंप सुरू व्हावा म्हणून तो लावला जातो. पण एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की प्रत्येकाचा पाच-सातपट झटका एकदम बसतो. व्होल्टेज कोसळते, मोटरी गुणगुणत उभ्या राहतात आणि डीपीचे फ्यूज जातात. त्यानंतर कोणाचेच शेत भिजत नाही. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून चार-पाच मिनिटांच्या अंतराने पंप सुरू केले तर सर्वांचाच फायदा आहे.

डीपीवरचा फ्यूज स्वतः घालायला कोणीही चढू नये. एका बाजूची वीज बंद असली तरी वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट असतात. गावच्या लाइनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि थांबावे. एक पाळी चुकली तर पीक कदाचित सावरेल, गेलेला माणूस परत येत नाही.

घरातली गाण्याची पेटी

आता घराकडे वळू. पुष्कळ घरांत टीव्हीला जोडलेला वूफर आला आहे. भजनी मंडळाकडे, तरुण मंडळाकडे तर तो असतोच. या पेटीत ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो आणि मागे किंवा आत काचेच्या नळीचा छोटा फ्यूज असतो. तोही पुन्हा पुन्हा जातो, आणि तेथेही मुले सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवतात. असा कागद म्हणजे पेटीत ठेवलेला निखाराच.

येथेही रीत तीच. काच आतून काळी पडली असेल तर शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटली असेल तर भार जास्त, नाहीतर फ्यूज हलका. फ्यूजच्या टोपीवर अँपिअर छापलेले असतात, काहींवर ‘टी’ हे इंग्रजी अक्षर असते. ‘टी’ म्हणजे संथ जळणारा. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर झटका घेतो, तो संथ फ्यूज सहन करतो. त्या जागी ‘एफ’ म्हणजे झटपट जळणारा घातला, तर पेटीत काहीही दोष नसताना तो उडत राहील. म्हणून पेटीवर लिहिलेला आकडा आणि अक्षर पाहूनच फ्यूज घ्यावा.

योग्य फ्यूजही जात असेल तर आधी प्लग काढून बाहेरच्या स्पीकरच्या तारा सोडाव्यात. दोन तारांचे सुटे धागे एकमेकांना लागलेले असतील तर दोष तेथेच सापडेल. मग स्पीकर न जोडता, आवाज पूर्ण कमी करून पेटी लावून पाहावी. आता फ्यूज टिकला तर दोष तारांत किंवा स्पीकरमध्ये. तरीही गेला तर दोष पेटीच्या आत, म्हणजे वीज सरळ करणाऱ्या डायोडमध्ये, मोठ्या कपॅसिटरमध्ये, आवाज वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टर-आयसीमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये. ते काम मेकॅनिकचे. चांगला मेकॅनिक फ्यूजमागून फ्यूज जाळत बसत नाही. तो ६० किंवा १०० वॉटचा तारेचा दिवा पेटीशी सिरीजमध्ये जोडतो. जुन्या घडणीच्या पेटीत दिवा क्षणभर पेटून मंद झाला तर शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग तो एकेक भाग सोडवत जातो. ज्या भागाला सोडवल्यावर दिवा मंदावतो, त्यात दोष. एलईडी दिव्यावर ही चाचणी होत नाही.

एकाच महिन्यात वूफर, टीव्ही आणि दिवे असे सगळेच जाऊ लागले, तर दोष पेटीत शोधू नये. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रलची तार सैल किंवा तुटलेली असते. तसे झाले की २३० व्होल्टच्या जागी काही घरांत ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दिवे एकाएकी लख्ख होतात, शेजारच्या घरात मिणमिणतात. असे दिसताच मेन स्विच बंद करावा आणि लाइनमनला कळवावे.

फ्यूज न उडणेही वाईट

मोटरीच्या अंगात वीज उतरली तर अर्थिंगमधून प्रवाह वाहून फ्यूज जावा अशी अपेक्षा असते. पण जमीन कोरडी असेल आणि अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर २४० व्होल्टला केवळ १२ अँपिअर वाहतील. १५ अँपिअरचा फ्यूज तसाच राहील, आणि पंपाचे अंग, पाइप, ओली जमीन यांत वीज खेळत राहील. बैल किंवा माणूस त्याला लागला की घात होतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात त्याला पाणी घालत जावे, आणि घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच बसवावे. ते काम फ्यूज करू शकत नाही.

पंपघरात एक वही ठेवा

शेवटची सूचना अगदी साधी आहे. पंपघरात दोरीला एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवा. फ्यूज गेला की तारीख, कोणता फेज, बटण दाबताच की काही वेळाने, तार कशी जळाली, विहिरीत पाणी किती आणि पाऊस-वारा होता का, एवढे लिहावे. त्याच पेटीत योग्य मापाच्या फ्यूज तारेची गुंडी ठेवावी, म्हणजे रात्री-अपरात्री वायरीचे धागे सोलायची पाळी येणार नाही. एकच फ्यूज दोनदा गेला तर तिसऱ्यांदा तार न घालता वायरमनला बोलवावे आणि त्याच्या हाती वही द्यावी. चार ओळींच्या त्या नोंदीवरून त्याला दोष लवकर सापडेल आणि मोटर दुकानात नेण्याची वेळ पुष्कळदा टळेल.